दिव्यांचं घर

डिसेंबरात कोपनहेगनला पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. आज ऑफिसातल्या डॅनिश मैत्रिणीकडे जेवायला गेलो होतो. ह्युगं (डॅनिश लोकांचा उबदार, निवांत घरगुतीपणा) म्हटल्यावर मेणबत्त्या, लोकरीची पांघरुणं होतीच; पण खरी करामत दिव्यांची! छताला झगझगीत दिवा नाहीच, कोपऱ्याकोपऱ्यांत छोटे, पिवळसर दिवे. जेवणाच्या टेबलावर बराच खाली टांगलेला पीएच ५ नावाचा दिवा, डॅनिश डिझायनर पॉल हेनिंगसेनने १९५८ साली घडवलेला. एकाखाली एक थर असे, की कुठेही बसा, बल्ब डोळ्यांवर येत नाही. खिडक्यांना पडदे नाहीत (आईला हे अजिबात चाललं नसतं!). घरी येताच जाहीर केलं, उद्यापासून आपल्याकडेही छताचा दिवा बंद. नवरा विचारतोय, "मग मेथी कुठल्या उजेडात निवडायची?"