सिंहमुखी कडीचा आवाज : तिसऱ्या महिन्याची नोंद

मंडळी, मागच्या खेपेला सिंहमुख गोणपाटातून बाहेर काढलं, तिथवर सांगितलं होतं. नव्यांसाठी थोडक्यात सांगतो. जुन्या नाशकात तांबट लेनच्या मागच्या अंगाला माझ्या मामांचा वाडा होता. दोन पावसाळ्यांपूर्वी पुढची भिंत खचली आणि वाडा उतरवावा लागला. सागवानी दार वखारीत गेलं. मामांनी दारावरचं पितळी सिंहमुख, त्याच्या तोंडातली कडी, दारावर ठोकायच्या फुलांसारख्या मूठभर फुल्या आणि एक कुलूप एवढंच काढून ठेवलं होतं. ते आता दुरुस्तीला माझ्या टेबलावर आहे.

सिंहमुख तळहाताएवढं आहे. मागची बाजू रवाळ, म्हणजे वाळूच्या साच्यात ओतलेलं काम. पुढे मात्र कारागिराने छिन्नीने एकेक आयाळ उचलली आहे. डावीकडे नऊ बटा, उजवीकडे आठ. मिशांच्या रेघा उजव्या गालावर जवळजवळ पुसल्यात, डाव्यावर शाबूत. कडीला हात घालताना येणाऱ्याची बोटं याच गालाला घासत असणार. कडी व्हर्नियरने मोजली. बाजूंना १४ मिलिमीटर आणि सिंहाच्या जबड्यात बसते तिथे जेमतेम ९. पाच मिलिमीटर पितळ नुसत्या हेलकाव्यांनी गेलंय.

आधी सफाईचं सांगतो, कारण त्यावर बरेच प्रश्न आले. चिंच-मीठ वापरू नका असं मी म्हणत नाही, पण चोळा आणि लगेच धुवा. चिंचेच्या पाण्यात रात्रभर बुडवलेलं पितळ सकाळी गुलाबी दिसायला लागतं, कारण आंबटपणाने पितळेतलं जस्त निघून जातं आणि वर तांबं उरतं. तो रंग पुन्हा घालवायचा तर घासावं लागतं, आणि घासलं की नक्षी जाते. मी फक्त कोमट पाणी, रिठा आणि दात घासायचा मऊ ब्रश वापरला. खाचांमधला काळेपणा तसाच ठेवलाय. त्यामुळेच आयाळ उठून दिसते. फुल्यांच्या बाबतीत मला हे उशिरा कळलं. चार फुल्या मी बफिंगला, म्हणजे यंत्रावर घासून चकाकी आणायला, दिल्या होत्या. परत आल्या तेव्हा आरशासारख्या चमकत होत्या, पण पाकळ्यांच्या कडा गेल्या होत्या. त्या चारांकडे बघवत नाही.

लोखंडाला हिरडा. हिरडा कुटून रात्रभर भिजवला, सकाळी उकळून गाळला आणि ब्रशने गंजावर लावला. बघता बघता तांबूस गंज निळसर काळा होतो. हिरड्यातलं टॅनिन आणि लोखंड यांची ही किमया. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) घालून पूर्वी शाई करत, तीही याच जातीची. वाळल्यावर वरून जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात. शेंगदाण्याचं तेल नको, ते चिकट राहतं आणि धूळ धरतं.

आता मुख्य गोष्ट. सिंहमुख साफ झालं, कोयंड्याचे, म्हणजे सिंहमुख फळीला धरून ठेवणाऱ्या दुपायी पट्टीचे, पाय सरळ केले, पाऊण इंची प्लायवर तात्पुरतं बसवलं आणि कडी आपटली. आवाज आला तो डब्यावर चमचा मारावा तसा. रेकॉर्ड करून मामींना ऐकवला. त्या म्हणाल्या, "हे आपलं दार नव्हे रे. आपली कडी वाजली की मागच्या न्हाणीघरापर्यंत ऐकू यायची."

तिथून महिनाभर मी फक्त आवाजाच्या मागे आहे. पहिला बदल लाकडाचा. वखारीतून दोन इंची जुना सागवान आणला आणि आवाज लगेच खाली उतरला, भरदार झाला. दुसरा बदल कोयंड्याचा. जुन्या दारांत स्क्रू नसतात. कोयंड्याचे दोन पाय फळीच्या पलीकडे काढून दोन बाजूंना दुमडतात. मी ते हलके दुमडले होते, म्हणून सिंहमुख फळीवर थरथरत होतं आणि आवाजात झणझण येत होती. मागे लोखंडी चकती घालून पाय ठोकून बसवले, झणझण गेली. (जाता जाता: एखाद्या जुन्या वस्तूला स्क्रू असले तर एक काढून टोक बघा. टोकदार स्क्रू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनचे. टोक बोथट असेल तर तो स्क्रू बहुधा त्याआधीचा.)

तरीही ठोका बसेना. मग कडीचा खालचा भाग भिंगाखाली धरला. आतल्या कडेला एक सपाट चट्टा आहे, नखाएवढा, आणि त्यात काळसर ठिपके रुतलेत. पितळेवर पितळ आपटत राहिलं असतं तर दोन्ही सारखीच झिजली असती. इथे कशाने तरी कडीला दाबलंय. म्हणजे कडीखाली लोखंडी खिळा होता आणि वाडा उतरवताना तो लाकडातच राहिला. भद्रकालीतल्या एका लोहारदादांकडून मोठ्या डोक्याचा चौकोनी खिळा घडवून घेतला. घरी येऊन ठोकला, कडी सोडली, आणि अंगावर काटा आला.

जुनी कड्या-कुलपं जमवायच्या आपल्या छंदात लोक वस्तू बघतात, मोजतात, फोटो काढतात. पण कडी ही मुळात वाजवायची वस्तू आहे. इराणमधल्या जुन्या दारांवर ठोठावायच्या दोन वेगळ्या गोष्टी असतात, पुरुषांसाठी जड दांडा आणि बायकांसाठी हलकी कडी, म्हणजे दार कोणी उघडायचं हे घरातल्यांना आवाजावरून ठरवता येतं. आपल्या वाड्यांत दोन कड्या नव्हत्या, पण दूधवाला, पोस्टमन आणि घरचा माणूस यांचा ठोका वेगळा ओळखू यायचाच. हा आवाज धरला नाही तर उरतं ते नुसतं भिंतीवर टांगायचं पितळ.

कुलपाबद्दल थोडक्यात. ते पेचाचं कुलूप आहे. चावी म्हणजे आटे पाडलेली सळी. ती पिळत आत न्यायची, मग आतला दांडा स्प्रिंगविरुद्ध ओढला जातो आणि कुलपाची कडी सुटते. चावीचं भोक समोर दिसतच नाही, एक पट्टी सरकवली की खाली सापडतं. मूळ चावी हरवलेली. सातपूरच्या एका लेथवाल्या काकांनी दोनदा केलेली चावी चालली नाही. तिसऱ्यांदा त्यांच्या लक्षात आलं की आटे उलटे आहेत, डावीकडे पिळायचे! नवी चावी साडेसात वेढे घेते. आत खोबरेल घालायचा मोह आवरा, नाशिकच्या थंडीत ते गोठतं आणि कुलूप अडतं. मी मऊ पेन्सिलीचं शिसं घासून त्याची पूड टाकली. चिनी कुलपं पुष्कळदा माशाच्या आकाराची असतात, कारण मासा डोळे मिटत नाही, सतत राखण करतो. असं एखादं बुधवारच्या बाजारात कुणाला दिसलं तर कळवा. मी तिथे दर आठवड्याला लोखंडाचे ढीग उपसतो, अजून हाती लागलेलं नाही.

गेल्या रविवारी मामींना घरी आणलं. फळी भिंतीला टेकवून उभी केली होती. त्यांनी चष्मा वर केला, सिंहाच्या उजव्या गालावरून अंगठा फिरवला आणि कडी उचलून सोडली. थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आवाज तोच आहे. पण आपली दोनदा वाजायची. एक मोठा, मागून एक बारका."

म्हणजे कडी उसळून परत खिळ्यावर पडायची. मी खिळा फार आत ठोकला होता, डोकं जवळजवळ लाकडाला टेकलेलं होतं. मामी चहा घेत होत्या तेवढ्यात पक्कडीने खिळा दोन सूत बाहेर ओढला. एकदा सोडून पाहिलं, नाही. आणखी अर्धा सूत. या वेळी मोठा ठोका पडला आणि लगेच त्याच्यामागून बारीक ठक्.

"हां," आतून मामींचा आवाज आला, "उघडते, उघडते."