जपानी मुळाक्षरे रोमन लिपीतून का शिकायची?

तोक्योतील यानाका दफनभूमीत थडग्यांमागे उभ्या केलेल्या उंच, अरुंद लाकडी फळ्यांवर सिद्धम् या संस्कृतसाठीच्या जुन्या भारतीय लिपीतील ख, ह, र, व, अ ही अक्षरे काळ्या शाईने एकाखाली एक लिहिलेली पाहिली आणि तेव्हापासून आमच्या भाषावर्गातील एक पद्धत मला अधिकच खटकू लागली आहे. तिथे हिरागाना या जपानी उच्चारलिपीची ४६ अक्षरे रोमन लिपीच्या आधाराने शिकवतात आणि माझ्या वहीतील देवनागरी नोंदींबद्दल नाराजी दाखवतात.

या अक्षरांची वळणे चिनी असली, तरी त्यांचा क्रम आपला आहे. कूकाईसारख्या बौद्ध भिक्षूंनी नवव्या शतकात चीनहून सिद्धम् लिपीचे ज्ञान आणले, आणि त्या अभ्यासाच्या परंपरेतूनच आ, इ, उ, ए, ओ हे स्वर व का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा या ओळी अशी मांडणी रूढ झाली. ‘हा’ची ओळ ‘मा’च्या आधी, म्हणजे आपल्या पवर्गाच्या जागी येते, कारण प्राचीन जपानीत तिचा उच्चार ‘पा’ होता. ‘ता’च्या ओळीतील ‘चि’ आणि ‘त्सु’ यांपाशी वर्गातील पुष्कळ जण अडखळतात. आपल्याला मात्र चिंचेतला च आणि चुलीतला च हे दोन्ही लहानपणापासून येतात. असे असताना मराठी माणसाने रोमन लिपीचा वळसा का घ्यावा?

देवनागरी इथे सर्वस्वी पुरते असे मी म्हणणार नाही. ‘ओबासान’ म्हणजे काकू-मावशीच्या वयाची बाई. तोच ‘बा’ एक मात्रा लांबवला की आजी होते, आणि आपण ऱ्हस्व-दीर्घ लिहिताना जितके पाळतो तितके बोलताना पाळत नाही. म्हणून आजीसाठी मी ‘ओबाऽसान’ असा अवग्रह घालते. रोमन लिपीतही त्यासाठी अक्षरावर आडवी रेघ द्यावी किंवा स्वर दोनदा लिहावा लागतोच.

कांजीपुढे, म्हणजे जपानीत वापरल्या जाणाऱ्या चिनी चिन्हांपुढे, अर्थातच कोणतीही वर्णमाला चालत नाही. नित्य वापराच्या अधिकृत यादीतच २,१३६ चिन्हे आहेत, आणि ‘जीवन’ या अर्थाचे एकच चिन्ह कुठे ‘सेइ’, कुठे ‘शोऽ’, तर कुठे ‘नामा’ असे वाचतात. ती चौकटींच्या वहीत रेघांच्या ठरलेल्या क्रमाने गिरवावीच लागतात. परंतु शब्दकोश पुन्हा त्याच आ-इ-उ-ए-ओ क्रमाने लावलेला असल्यामुळे ऐकलेला शब्द मला चटकन सापडतो. त्यामुळे देवनागरी नोंदी मी खोडणार नाही. पुढच्या सत्रात एखादा मराठी विद्यार्थी आला, तर त्यालाही त्याच देणार आहे.