आमची वाटचाल : जुनं सील घेऊन या

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये दोन हातप्रेसवर आम्ही ओ-रिंग, म्हणजे यंत्रातली गळती अडवणाऱ्या गोल रबरी कड्या (सीलं), काढायला सुरुवात केली. तेव्हा गिऱ्हाईक माप आणि नग सांगायचं, आम्ही माल द्यायचो. रिंग कशात बसणार, हे विचारायची रीत नव्हती. फार चौकशी केली तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल, ही भीतीही होती.

ती रीत आमच्याच चुकीनं मोडली. एका वर्कशॉपनं हायड्रॉलिक प्रेससाठी, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रासाठी, तेलात टिकणाऱ्या नायट्राइल रबराच्या रिंगा मागवल्या होत्या. आमच्याकडे नायट्राइल आणि ईपीडीएम या दुसऱ्या जातीच्या रबराचे ट्रे शेजारी-शेजारी असायचे. दोन्ही काळं, हाताला सारखंच. गेलं ते ईपीडीएम. पाणी, वाफ, ऊन यांत त्याला तोड नाही, पण खनिज तेलात ते फुगतं. चौथ्या दिवशी मालक स्वतः आले आणि टेबलावर कागदाची पुडी सोडली. आतली रिंग खोबणीत मावणार नाही इतकी फुगलेली, आणि नख लावलं की तुकडा निघत होता. ते रागावले नाहीत. "दोन दिवस मशीन बंद आहे, माणसं बसून आहेत," एवढंच म्हणाले. रिंगा लगेच बदलून दिल्या, पण ते दोन दिवस आम्ही कुठून आणून देणार? त्या रात्री भाऊ आणि मी सगळा साठा उपसला आणि प्रत्येक ट्रेमधला एकेक नग गरम तेलात टाकून पाहिला.

तेव्हापासून प्रत्येक लॉटला चिठ्ठी असते आणि चाचणीशिवाय लॉट शेडबाहेर जात नाही. रबराचा तुकडा 25 टक्के दाबून 100 अंशांवर 22 तास ठेवायचा, मोकळा केल्यावर अर्ध्या तासानं जाडी मोजायची. दाबलेलं रबर परत उसळी घेतं, म्हणूनच सील गळती अडवतं. ती उसळी गेली की उरते ती नुसती काळी चकती.

आता दारात आलेल्या माणसाला आमचा पहिला प्रश्न असतो : जुनं सील आणलंय का? ते पाहिल्यावर निम्मं कळतं. चपटं झालं असेल तर उष्णता जास्त किंवा ग्रेड चुकीची. एकाच जागी काप असेल तर बहुतेक वेळा बसवताना ते आट्यांवरून किंवा धारेवरून ओढलेलं असतं. तिथं चॅम्फर, म्हणजे धार मोडून केलेला उतार, हवा, निदान आट्यांवर टेप तरी. एका साखर कारखान्यात मिलच्या वरच्या रोलरच्या हायड्रॉलिकची सीलं दर हंगामात जायची. "अजून चांगल्या क्वालिटीचं द्या," असा निरोप यायचा. जुनी मागवली, तर कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या. म्हणजे दाबानं रबर फटीत घुसत होतं. सिलिंडर मोजला, तो झिजलेला निघाला. तिथं कुठलंही सील टिकलं नसतं. आधी सिलिंडर दुरुस्त करून घ्या, असं सांगितलं आणि 90 शोरचं (शोर म्हणजे रबराच्या कडकपणाचं माप) कडक रबर, मागे आधाराला टेफ्लॉनची बॅकअप रिंग दिली. आमची दर हंगामाची ऑर्डर कमी झाली. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

साठवणीकडे मात्र कुणी बघत नाही, याची मला खरी तळमळ आहे. एका स्टोअरमध्ये रिंगा खिळ्याला टांगलेल्या, शेजारी कंप्रेसरची मोटर. रिंग हातात घेतली तर खिळ्यावर ताणलेल्या जागी आडव्या बारीक चिरा. मोटरच्या ठिणग्यांतून ओझोन तयार होतो आणि ताणलेलं नायट्राइल त्यानं फाटतं. न वापरताच माल गेला होता. म्हणून आम्ही काळ्या पिशवीत सैल भरून देतो आणि वर मोल्डिंगची तिमाही लिहितो.

अलीकडे ईपीडीएमच्या प्रत्येक पिशवीत सिलिकॉन ग्रीसची छोटी पुडीही टाकतो. पंपाचा एक फिटर नवी रिंग नीट बसावी म्हणून मायेनं साधं, खनिज तेलाचं ग्रीस चोळायचा, आणि त्याच ग्रीसनं ती फुगायची. परवा तो आला, तेव्हा खिशातून आमची पुडी काढून दाखवली. अर्धी संपली होती.