उधारीची वही आणि प्रभूची प्रार्थना

सांगलीच्या गावभागात आमचे किराणा मालाचे छोटे दुकान आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलात माझे आजोबा वॉर्डबॉय होते, आणि त्यांच्या निवृत्तीच्या पैशांतून वडिलांनी हे दुकान थाटले. गेली तेवीस वर्षे ते मी चालवतो. दुकान उघडण्यापूर्वी घरात जी कुटुंबप्रार्थना होते, तिच्या शेवटी आम्ही सगळे मिळून प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना, म्हणतो. लहानपणापासून तोंडी बसलेल्या या प्रार्थनेतील एका ओळीचा अर्थ मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, चिखलाने माखलेल्या दुकानात उभे असताना कळू लागला, आणि तो अजून पुरता कळलेला नाही, म्हणून हे लिहीत आहे.

ती ओळ बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात आहे: ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.’ इंग्रजीत ही प्रार्थना म्हणताना अनेक मंडळ्या येथे ‘अपराध’ या अर्थाचा शब्द वापरतात. लूकच्या शुभवर्तमानातही आधी पापांची क्षमा मागितली आहे, पण लगेच पुढे ‘आमचा ऋणी’ हा शब्द येतोच. प्रभू येशू ज्या अरामी भाषेत बोलत असे, तीत कर्ज आणि पाप या दोन्हींसाठी एकच शब्द चालत होता. आपल्या मराठीत तर ऋण या शब्दाचे वजन फार जुने आहे. आपण आईवडिलांच्या ऋणात असतो आणि कुणाशी जीव जडला तर त्यालाही ऋणानुबंध म्हणतो. तरीही मी ही ओळ म्हणताना मनात सदैव ‘अपराध’ असेच धरत आलो होतो, कारण तो शब्द सोपा पडतो. अपराध्याला क्षमा केली असे मनातल्या मनात म्हणता येते. ऋण सोडायचे तर वहीतली रक्कम खोडावी लागते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णामाईने आयर्विन पुलाजवळ सत्तावन्न फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची पातळी पंचेचाळीस फुटांची, त्यामुळे गावभागात काय झाले असेल हे सांगलीकरांना सांगण्याची गरज नाही. साखरेची आणि डाळींची जेवढी पोती माळ्यावर चढवता आली तेवढी मी आणि पत्नीने रात्रीतून चढवली आणि मुलांना घेऊन मिरजेला मेहुणीकडे गेलो. पाणी माळ्यापर्यंत पोहोचेल असे वाटले नव्हते. परतलो तेव्हा साखर वाहून गेली होती, गुळाच्या ढेपा विरघळल्या होत्या, हरभरा फुगून पोती फाटली होती आणि गव्हाला कोंब फुटून त्याचा जो वास सुटला होता तो पुढे कित्येक आठवडे भिंतींतून गेला नाही. अरण्यात इस्राएल लोकांनी दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवलेल्या मान्नात, म्हणजे देवाने रोज दिलेल्या अन्नात, किडे पडले, हे बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायातील वर्णन मला त्या वासामुळे पहिल्यांदा खरे वाटले. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’ असे रोज म्हणणाऱ्या दुकानदाराला महिन्याभराचा साठा मात्र करावाच लागतो, हा पेच मला आजही सुटलेला नाही.

उधारीच्या तीन वह्या गल्ल्याच्या खणात राहिल्या होत्या. त्यांतील दोन मी मुलाने आणून दिलेल्या जेल पेनाने लिहिलेल्या होत्या, आणि त्यांची पाने उघडली तर फक्त निळे डाग दिसत होते. तिसरी जुनी, बॉलपेनची. तिच्यातली काही नावे वाचता येत होती. येणे साधारण अडुसष्ट हजारांचे होते, आणि मार्केट यार्डातील घाऊक व्यापाऱ्याचे माझ्याकडून येणे होते एक लाख दहा हजार.

ते व्यापारी आमच्या धर्माचे नाहीत. मी दोन दिवस धीर गोळा करून त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्यांनी मला चहा दिला आणि एवढेच म्हणाले, “आधी दुकान उभं करा, मग हिशोबाचं बघू.” सहा महिने त्यांनी एका शब्दाने पैसे मागितले नाहीत आणि नवा मालही उधार दिला. मी तेथून बाहेर पडलो तो देवाची स्तुती करतच बाहेर पडलो.

आमच्या गल्लीत चार घरची धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी राहतात. पूर ओसरल्यावर त्यांचे स्वतःचे घर अजून धुऊन झाले नव्हते, तरी त्या दुकानात आल्या आणि म्हणाल्या, “दादा, माझे सहाशे चाळीस होते. नातीला विचारून खात्री केली.” माझ्या अंदाजाने ते पाचशेच्या आसपास होते. आणखी सात-आठ जण असेच आपणहून आले. एका परिचिताने मात्र, ज्यांची परिस्थिती माझ्याहून चांगली आहे, “आमचं तुमच्याकडे काही नव्हतंच,” असे सरळ सांगितले. त्यांचे पान डागाळलेल्या वहीत होते.

त्याच आठवड्यात मी एका रिक्षावाल्याच्या दारात उभा राहिलो. त्याचे नाव जुन्या वहीत स्पष्ट वाचता येत होते, रक्कम चार हजार दोनशे. मला नाकारणाऱ्या माणसाचा राग मनात होता आणि तो, माझ्याकडे पुरावा होता म्हणून, मी या माणसावर काढला. त्याची दोन्ही मुले उंबऱ्यात उभी असताना मी आवाज चढवून बोललो. काय बोललो ते येथे लिहिण्याचे धैर्य माझ्यात नाही.

रविवारी उपासनेत प्रभूची प्रार्थना सुरू झाली आणि त्या ओळीपाशी माझा आवाज थांबला. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील दृष्टांत मी मुलांच्या वर्गाला कितीदा शिकवला आहे! राजाने ज्याचे दहा हजार तालांत सोडले, त्या दासाने बाहेर पडताच शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरला. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, आणि एक तालांत साधारण सहा हजार दिनारांचा धरतात. म्हणजे पहिले कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीएवढे होते, जे कोणताही माणूस कितीही जन्म घेऊन फेडू शकला नसता. मुलांना शिकवताना मी नेहमी दुसरे कर्ज क्षुल्लक होते असे सांगत असे, आणि ते चुकीचे होते. शंभर दिवसांची मजुरी ही गरिबाला किंवा छोट्या दुकानदाराला क्षुल्लक रक्कम नव्हे. प्रभूने मुद्दामच अशी रक्कम निवडली असावी की जी सोडताना दुखेल. दुखत नाही ते सोडायला आज्ञेची गरजही पडत नाही.

त्या संध्याकाळी मी रिक्षावाल्याकडे गेलो आणि बोललेल्या शब्दांची माफी मागितली. पैसे माफ केले नाहीत. तेवढी माझी तयारी नव्हती आणि माझ्या डोक्यावर एक लाख दहा हजार होते, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. तो दर पंधरवड्याला दोनशे रुपये देऊ लागला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा अठ्ठावीसशे बाकी होते. रिक्षा दारात उभी राहिली. दुकान मात्र ठरावीक वेळेत उघडे ठेवण्याची परवानगी होती, म्हणजे त्या काळात माझी भाकर चालू होती आणि त्याची बंद. तेव्हा मी प्रार्थना करून त्याचे पान काढले, आडवी रेघ मारली आणि दुसऱ्या दिवशी त्याला सांगितले.

मला वाटले होते की तो सुटकेचा श्वास टाकेल. त्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला, “दादा, खोडू नका. मी देणार आहे. खोडलंत तर उद्या तुमच्या दुकानात यायला मला तोंड राहणार नाही.”

त्या एका वाक्याने मला फार दिवस अस्वस्थ ठेवले. ऋण सोडणे म्हणजे देणाऱ्याने वरून उपकार करणे नव्हे, हे मी कोणत्याही प्रवचनात ऐकले नव्हते. मोशेच्या नियमशास्त्रात सातव्या वर्षी कर्जाची सूट देण्याची आज्ञा आहे, आणि सूट जवळ आली म्हणून गरीब भावाला उसने देण्याचे टाळू नकोस असा इशाराही तेथेच, अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात आहे. तेथे सूट सगळ्यांसाठी एकाच वेळी येते, म्हणून कुणा एकाला दुसऱ्यापुढे मान खाली घालावी लागत नाही. आमच्या गल्लीत असे सातवे वर्ष येत नाही. म्हणून मी रेघेखाली तीच रक्कम पुन्हा लिहिली, तारीख घातली नाही, आणि त्यानंतर आजवर ती मागितलेली नाही.

ज्यांनी उधारी नाकारली त्यांच्याबद्दल माझे मन अजून स्वच्छ झालेले नाही. ज्याच्याकडे नाही त्याला सोडणे आणि जो असून देत नाही त्याला सोडणे, यांत मी फरक करतो. प्रभूच्या प्रार्थनेत तो फरक केलेला नाही. त्यांची रक्कम मी धरून बसलेलो नाही, पण ते दुकानासमोरून जातात तेव्हा मी अजून मान वळवतो, आणि पत्नी मला त्याबद्दल वारंवार टोकते. पाळकसाहेबांशी मी यावर बोललो आहे. त्यांनी मला रोज त्या परिचिताचे नाव घेऊन प्रार्थना करायला सांगितले. काही दिवस ते जमते, काही दिवस मी ते नाव गाळतो.

जुलै २०२१ मध्ये पुन्हा नदी चढू लागली, तेव्हा आम्ही माळ्यावर विश्वास ठेवला नाही. पाणी गल्लीत येण्याच्या आदल्या रात्री रिक्षावाला न बोलावता दाराशी आला आणि पहाटेपर्यंत त्याने पोती, तेलाचे डबे आणि वजनकाटा विश्रामबागेतील एका ओळखीच्या घरी पोहोचवला. वह्या मी या वेळी पिशवीत घालून गळ्यात अडकवल्या होत्या. शेवटच्या फेरीनंतर मी भाड्याचे पैसे पुढे केले तर त्याने ते घेतले नाहीत. “साडेतीनशे झाले,” तो म्हणाला, “खात्यातनं वजा करा.” मी तेथेच, रिक्षाच्या दिव्याच्या उजेडात, त्याचे पान उघडले आणि बॉलपेनने पंधराशेतून साडेतीनशे वजा केले.