भैरवातला कोमल रिषभ आणि माझा फॉन्ट

दादरला आमच्या पेटीच्या बाईंची बंदिशींची वही टाइप करून द्यायचं मी कबूल केलं. गाण्याचे स्वर लिहायच्या भातखंडे लिपीत चिन्हं मोजकीच: कोमल म्हणजे उतरलेल्या स्वराखाली आडवी रेघ, तीव्र म्हणजे चढ्या मध्यमावर उभी, मंद्र म्हणजे खालच्या सप्तकाला खाली टिंब, तार म्हणजे वरच्या सप्तकाला वर. मी कोमल स्वर सरळ अंडरलाइन केले. गिरगावच्या छापखान्यातून प्रूफ आलं आणि बाईंनी पहिल्याच पानावर बोट ठेवलं, "अगं, भैरवातला रिषभ शुद्ध कधीपासून झाला?" भैरव रागात रिषभ, म्हणजे 'रे', कोमल असतो; पण मजकूर दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेताना सगळ्या अंडरलाइनी गळल्या होत्या.

म्हणजे रेघ मजकुरातच हवी, अक्षरासारखी. फॉन्ट बनवायचं फॉन्टफोर्ज हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते उतरवलं. मूळ फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सचा घेतला. त्यात बदल करता येतात, फक्त मूळ नाव राखीव असेल तर ते वापरता येत नाही. मी 'पेटी' ठेवलं.

युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या तक्त्यात, ई००० पासून ६४०० जागा खासगी चिन्हांसाठी मोकळ्या आहेत. पहिल्याच जागेत रेघ काढली, रुंदी शून्य केली. 'रे'खाली नीट बसली, 'ध'खाली सरकली, 'नि'खाली भलतीकडेच. अँकर, म्हणजे चिन्ह अक्षराला कुठे जोडायचं त्याच्या खुणा, लावले, ढिम्म फरक नाही. दोन रात्री घालवल्यावर उमगलं: खासगी जागेतलं चिन्ह देवनागरीचं धरलंच जात नाही, मग अक्षराशी त्याची सांगड कशी बसणार? त्यात बाईंना व्हॉट्सॲपवर नमुना पाठवला, तर त्यांच्याकडे माझा फॉन्ट नसल्याने त्यांना नुसते चौकोन.

उत्तर वेदपाठाच्या स्वरखुणांत निघालं. अनुदात्ताची आडवी रेघ (०९५२) आणि उदात्ताची उभी (०९५१) देवनागरीच्या तक्त्यात आधीपासून आहेत. (ऋग्वेदात ती उभी रेघ स्वरिताची असते; युनिकोडने नाव उदात्त दिलंय.) रे॒, म॑. हवं तेच! माझी रेघ तिथे हलवली, जराशी जाड केली, प्रत्येक स्वराला अँकर दिला. मंद्राचं टिंब नुक्त्याने, म्हणजे अक्षराखालच्या ठिपक्याने, भागलं, पण नुक्ता अक्षराच्या काना-मात्रा-वेलांटीच्या आधी टाइप करायचा, नाहीतर ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. दर चाचणीला नावही बदलावं लागलं, पेटी १, पेटी २, कारण संगणक जुनाच फॉन्ट दाखवत बसायचा. पेटी ११ ला जमलं.

छापखान्याला फॉन्टची फाइलही दिली. दुसऱ्या प्रुफात रिषभ कोमल आला. मींडेची, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची, कमान मात्र दोन-तीन स्वरांवर ताणायची असते, ती काही बसेना. ती बाईंनी प्रुफावर शिसपेन्सिलीने काढून दिली.