सिंधी वही, नोंद ७ : साई भाजी सापडली, चुक्याच्या जुडीमागून

गेल्या गुरुवारी दुपारी सव्वा वाजता, उल्हासनगरात, चार टेबलांच्या एका खोलीत मला साई भाजी, म्हणजे सिंध्यांची पालक-डाळीची भाजी, मिळाली. चुका घातलेली, घोटलेली, मेंदीच्या रंगाची. या वहीत मी मुंबईच्या आसपास घरच्यासारखं सिंधी जेवण कुठे मिळतं ते शोधून नोंदवते, आणि मागची नोंद वाचलेल्यांना ठाऊक आहे की साई भाजीचा शोध मी सोडायच्या बेतात होते. म्हणून आधी बातमी, मग बाकीचं.

आतापर्यंतचा हिशेब असा : पाच महिने, अकरा ठिकाणं. दाल पकवानचा (कुरकुरीत तळलेली पुरी आणि चणाडाळ) प्रश्न कधीच सुटलाय. चेंबूर कॅम्पातल्या ‘विग’ या उपाहारगृहाचं दाल पकवान वहीत आहे आणि तिथून हलणार नाही. आलू टुकही दोन ठिकाणी उत्तम मिळाला : एकदा तळून, तळहाताने दाबून, पुन्हा तळलेला, वर धणेपूड, तिखट, आमचूर. अडत होतं ते साई भाजीपाशी. मागच्या महिन्यात चेंबूरला ज्या जागेची शिफारस तिघांनी केली होती, तिथे समोर आला तो चक्क दाल पालक. गरम मसाला, वर साय. चुक्याऐवजी टोमॅटो. वाढणाऱ्या मुलाला विचारलं, यात खट्टी भाजी, म्हणजे चुका, आहे का? तो म्हणाला, ‘खट्टा चाहिए तो लिंबू देतो.’ त्या रात्री मी खरोखर निराश झाले होते.

अडचण कुठे होती, ते आता कळतंय. साई म्हणजे सिंधीत हिरवी. पालक मुख्य, त्याच्या साधारण निम्मा चुका, मूठभर शेपू किंवा मेथी, भिजवलेली चणाडाळ, एखादं वांगं, बटाटा, गाजर. सगळं शिजवून रवीने घोटायचं आणि वरून लसणाची फोडणी. ऐकायला सोपं वाटतं, पण चुक्यात आंबटपणा भरपूर असतो आणि तो दोन गोष्टी करतो. एक, पालकाचा हिरवा रंग उतरतो. दोन, आंबटात डाळ लवकर शिजत नाही. घाईच्या स्वयंपाकघरात यावर दोनच उपाय होतात : चुका काढून टोमॅटो घालणे, नाहीतर चिमूटभर सोडा टाकणे. सोड्याने डाळ शिजते, रंगही टिकतो, पण पालकाचा चिखल होतो. तेव्हा मंडळी, ताटातली साई भाजी हिरवीगार दिसली तर शंका घ्या.

दुसरी चूक माझीच. मी नोकरीमुळे सगळ्या फेऱ्या रविवारी करत होते. सिंधी घरात रविवारी कढी चावल असतो. भाजलेल्या बेसनाची, शेवग्याच्या शेंगा, भेंडी आणि बटाटा घातलेली, चिंचेने किंवा कोकमाने आंबट केलेली कढी. ज्या खोल्या घरच्यासारखं रांधतात त्याही त्या दिवशी कढीच करतात. साई भाजी आठवड्यातल्या साध्या दिवसाची. सहा रविवार मी चुकीच्या वारी बरोबर दारं ठोठावत होते.

फोनमधल्या नकाशावर लोक जागांना जे तारे देतात त्यांवर माझा भरवसा कधीच नव्हता. गिऱ्हाइकांनी काढलेल्या फोटोंवर मात्र होता. फोटो मोठा करून भिंतीवरची पदार्थांची पाटी वाचायची, ही आपली जुनी युक्ती माटुंग्यातल्या शोधाच्या वेळी फार उपयोगी पडली होती. इथे ती पांगळी ठरली, कारण साई भाजीचा फोटो कुणी काढतच नाही. फोटो पकवानाचा निघतो. घोटलेली, काळपट हिरवी भाजी लोक मुकाट्याने जेवतात आणि उठतात.

मग त्या गुरुवारच्या आधीच्या शनिवारी उल्हासनगरसाठी विठ्ठलवाडी स्टेशनला उतरले. कॅम्प चारच्या बाजूला भाजीबाजारात फिरताना एका मावशींच्या टोपलीत चुक्याच्या जुड्यांचा ढीग दिसला. आमच्या डोंबिवलीत भाजीवाल्याकडे चुका चार-पाच जुड्यांच्या वर नसतो. इथे पन्नासेक असतील, आणि शेजारी कमळकाकडी, चिखलासकट. कमळकाकडी म्हणजे बीह, सिंधी स्वयंपाकाची दुसरी खूण. मी विचारलं, ‘मावशी, एवढा चुका जातो कुठे?’ त्या म्हणाल्या, ‘घराघरात जातो की, ताई. आणि वीस जुड्या एकटी दादी नेते. सोमवार, गुरुवार.’

वीस जुड्या. घरासाठी कुणी वीस जुड्या नेत नाही.

सिंधीत दादी म्हणजे थोरली बहीण, आजी नव्हे. मावशींनी गल्ली सांगितली. खोलीवर पाटी नव्हतीच, दारात फक्त डब्यांची चळत. बहुतेक जेवण डब्यांतून जातं, उरलेलं चार टेबलांवर. गुरुवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि गेले. ताटात साई भाजी, भुगा चावर (कांदा करपू न देता गडद तांबूस परतून केलेला भात), भाजलेला पापड, कैरीचं लोणचं. पहिल्या घासाला आंबटपणा मागून आला, टोमॅटोसारखा पुढून नाही. डाळ दाताखाली लागत होती, पण कच्ची नव्हती. शेपू इतकाच की नाव घेता यावं. मी दुसऱ्यांदा भात घेतला, तेव्हा दादींनी स्वतः येऊन विचारलं, ‘बेटा, सिंधी हो?’ मराठी म्हटल्यावर त्या शेजारी बसल्या आणि डाळीचं गुपित सांगितलं : डाळ तासभर भिजवून, आधी निम्मी शिजवून घ्यायची, चुका नंतर. पाच महिने ज्या गाठीवर अडले होते ती एका वाक्यात सुटली.

सोमवारी दुसरी फेरी झाली. चव तीच. भाजी किंचित पातळ होती, पण मला तशीच जास्त आवडली. वहीच्या नियमाप्रमाणे तीन फेऱ्यांशिवाय नोंद पक्की नाही. आणि जागेचं नाव इथे देत नाही, कारण दादींनी तशी विनंती केली. त्यांच्याकडे रोज चाळीसेक ताटांचंच रांधलं जातं आणि त्यांना वाढवायचं नाही. ज्यांना जायचं आहे त्यांनी विठ्ठलवाडीला उतरून चुक्याचा ढीग शोधावा. सापडेल.

उल्हासनगरबद्दल एवढंच : फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांना कल्याणच्या लष्करी छावणीत जागा मिळाली आणि १९४९ साली तिचं उल्हासनगर झालं. आजही पत्ता कॅम्पाच्या आकड्याने सांगतात. हे मला माहीत होतं, तरी पाच महिने मी चेंबूर, खार, सायन करत बसले, कारण ते जवळचं. जिथे समाज दाट आहे तिथला भाजीबाजार आधी बघायचा, ही अक्कल आता आली.

पुढच्या महिन्याचा बेत होता सेयल डबलचा (डबल म्हणजे पाव, कोथिंबीर-लसणाच्या रश्शात मुरवलेला). पण हे लिहिता लिहिता बेत बदलतोय. पाटीऐवजी जिन्नसामागे जायचं, ही पद्धत ईस्ट इंडियन (मुंबई-वसईकडचे मूळचे ख्रिस्ती) जेवणाच्या वहीला का लावू नये? तिथे आपण दोन वर्षं अडकलोय. वसईपासून वांद्र्यापर्यंत उपाहारगृहं धुंडाळली, हाती आलं ते लग्नाचे केटरर. पण बॉटल मसाला, म्हणजे त्यांचा बाटल्यांत भरून ठेवायचा घरचा मसाला, तर दर उन्हाळ्यात कांडला जातो, आणि गावठाणातून फिरून तो कांडणाऱ्या बायका असतात. कुणाच्या घरचा मसाला किती किलो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? ज्या घरी कुटुंबाच्या गरजेच्या चौपट मसाला जातो, तिथे कुणीतरी विकण्यासाठी रांधतंय. कांडणीचा हंगाम पावसाआधी संपतो, म्हणजे हातात फार दिवस नाहीत. सेयल डबल श्रावणात बघू.

वसई किंवा उत्तनकडे मसाला कांडणाऱ्या कुणाशी ओळख असेल तर कळवा, मी सुट्टी टाकून येईन. आणि मुलुंडकरांनो, तुमच्या सिंधी वस्तीजवळच्या बाजारात चुका किती येतो, आणि कुठल्या वारी, तेवढं बघून ठेवा. माझी तिसरी फेरी येत्या गुरुवारी. दादी म्हणाल्या आहेत, बीह चांगली मिळाली तर तीही करतील.