कोंडवाड्यातली परसबाग

आमच्या गावचा कोंडवाडा बंद पडून बरीच वर्षं झाली. आत बेशरम आणि गाजरगवत माजलेलं, आणि दिवस मावळला की पिणारे हजर. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे म्हणे! भिंतीआड मोहाची विकायची, कोपऱ्यात सट्टापट्टी. क्लासहून येणाऱ्या पोरी दूरचा फेरा घेऊन घरी जायच्या. वावरातल्या मोटारीचा केबल चोरीला गेला की बोट तिकडंच जायचं, पुरावा कोणाकडंच नसायचा.

धाड पडली की चार दिवस शांत, मग पुन्हा तेच. म्हणून आमच्या बचत गटानं ती जागाच मागायचं ठरवलं. उमेद या बचत गटांच्या सरकारी अभियानाच्या बैठकीत पोषण परसबागेचा विषय निघालाच होता, आणि गटातल्या निम्म्या बायांच्या घरामागं सांदवाडीच नाही.

"नावावर होणार नाही बरं ताई," ग्रामसेवकांनी आधीच सांगितलं. आम्हाला ती नावावर नकोच होती. मालकी ग्रामपंचायतीची, वापर गटाचा, असा अर्ज दिला. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते. ती आमच्याकडं बहुतेक रजिस्टरातच भरते. यंदा खरोखर भरवली आणि ठराव तिथूनच वर पाठवला. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेला गणपूर्तीसाठी 15 टक्के किंवा 100 मतदार, जे कमी असेल ते, हजर लागतात. निम्म्याहून जास्त तर आम्ही बायाच होतो, त्यामुळे विषय पुढच्या सभेवर ढकलणं कोणाला जमलं नाही. "आज एवढ्या बाया काहून आल्या वो?" एका काकाजींनी विचारलंच.

खरं भांडण कुंपणावरून झालं. सरपंचांना पडकी भिंत उंच करून हवी होती, जनावरं शिरतील म्हणून. पण अड्डा जमला तोच त्या भिंतीच्या आडोशानं. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात 541 पडीक जागांवर झालेला प्रयोग मी वाचला होता. त्यातल्या काही जागांवरचा कचरा काढून गवत आणि झाडं लावली, कुंपण मुद्दाम बुटकं ठेवलं. 2018 साली निष्कर्ष छापून आले: गरीब वस्त्यांत बंदुकीचे गुन्हे 29 टक्क्यांनी घटले. हे सांगितल्यावर सरपंच म्हणाले, "ताई, ते अमेरिकेत." शेवटी भिंतीच्या खर्चाचा आकडा ऐकून ते नरमले. रस्त्याकडची भिंत पाडली, जाळी लावली.

पोळ्यानंतर साफसफाईला लागलो. काच किती निघाली! माती चाळून घ्यावी लागली. पण कधीकाळी जनावरं उभी राहिलेली जमीन ती, वांगी अशी लागली की वाटून संपेनात. पालक, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, जाळीवर पोपटाच्या म्हणजे वालाच्या शेंगा. पाण्याची पाळी मुद्दाम दिवेलागणीला ठेवली. रोज त्याच वेळेला पाच-सहा बाया आत आणि रस्त्यावरून सगळं दिसतंय, म्हटल्यावर पट्टीवाला आधी गेला. पिणारे काही दिवस जाळीपाशी घुटमळले. त्यातल्या एकाची आई आमच्याच गटात आहे, तो पहिला पांगला.

केबलचोरी थांबली असं मी म्हणणार नाही. मोहाची विकणाराही धंदा सोडून गेलेला नाही, नाल्यापलीकडं बसतो, आणि तिथं आमची वांगी पोचत नाहीत. त्याच्यासाठी पोलीस पाटलांकडं वेगळा अर्ज दिलाय. पोरी मात्र आता सरळ रस्त्यानं येतात. कोंडवाड्यासमोरच्या खांबावर दिवा लावायचा विषय पुढच्या मासिक सभेत आहे.